वगैरेचे वैरी

आमच्या शेजारच्या नानांसमोर ‘वगैरे’ म्हणायची सोय नाही. तुम्ही त्यांना वेडा म्हणा, कंजूष म्हणा, ते हसून सोडून देतील. पण बोलता बोलता तोंडातून वगैरे निसटलं, की ते तुम्हाला तिथंच थांबवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, “वगैरे म्हणजे कोण कोण?”

गल्लीतल्या एका लग्नातली गोष्ट सांगते. मुलीचा बाप बिचारा हात जोडून मांडवात फिरत होता. नानांना म्हणाला, चला, जेवून घ्या, वरण-बट्टी, वांग्याची भाजी वगैरे आहे. झालं. नाना ताट हातात धरून उभे. वगैरे काय आहे? तो गोंधळला. म्हणाला, भात आहे. “मग भाताला वगैरेत का टाकलं? भातानं तुमचं काय वाईट केलं?” मागं रांग खोळंबलेली, पोरंसोरं ताटं वाजवायला लागलेली. शेवटी तो आचाऱ्याकडे जाऊन विचारून आला आणि मुलीच्या बापानं आपल्या मुलीच्या लग्नात उभं राहून म्हणून दाखवलं: वरण, बट्टी, वांग्याची भाजी, भात, शिरा, पापड, कांदा, लिंबू. नाना म्हणाले, आता जेवतो. आणि जेवले मात्र फक्त वरण-बट्टी. बाकीचं खायचं नव्हतंच त्यांना. ते आहे, एवढं कळायला हवं होतं.

नाव त्यांचं सुकदेव, पण अख्खं अमळनेर त्यांना कंट्रोलर नाना म्हणतं. एसटी स्टँडवर कंट्रोलर होते ना. माझं माहेर शिंदखेडा, त्यामुळं शेजारी व्हायच्या आधीपासून मला त्यांचा आवाज पाठ. “शिंदखेड्याला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. मांडळ, मुडी, बेटावद, नरडाणा...” एकेक गाव असं घ्यायचे, जसं बारशाला पहिल्यांदाच नाव ठेवताहेत. लोक हसायचे. म्हणायचे, नानांचं बोलणं संपेपर्यंत गाडी मुडीला पोचते.

हे वेड कुठून लागलं ते त्यांनीच एकदा ओट्यावर बसून सांगितलं होतं. नवीन नवीन नोकरी, गर्दीचा दिवस, घसा बसलेला. त्यांनी माईकवर म्हटलं, बेटावद, नरडाणा वगैरे. गाडी गेली. संध्याकाळी बघतात तर एक म्हातारी अजून बाकावर बसलेली, मांडीवर गाठोडं. कुठं जायचं आजी? म्हणे, मुडीले. अहो, मग गाडी गेली की सकाळीच! म्हातारी रागावली नाही. तिनं नुसतं विचारलं, “मन्हं गाव वगैरेमा व्हतं का रे भाऊ?” माझं गाव तुझ्या वगैरेत होतं का. त्या दिवसापासून नानांनी तो शब्द सोडला. काहींनी तंबाखू सोडली, काहींनी दारू. आमच्या नानांनी वगैरे सोडलं.

विमलवहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, यापायी जीव मेटाकुटीला यायचा. त्या म्हणायच्या, बाजारातून मेथी वगैरे घेऊन या. हे मेथीची एक जुडी घेऊन परत. बाकीचं? तर म्हणे, वगैरे कुठं मिळालं नाही. वहिनी भिंतीपलीकडून मला हाक मारून म्हणायच्या, “ऐका अक्का, ऐका! यांच्याशी संसार केला मी!” आमची जोडघरं आहेत, मधे एकच भिंत आहे आणि तीही चार इंची. त्यामुळं त्यांचं सगळं मला ऐकू यायचं आणि आमच्या घरातला नातवंडांचा धिंगाणा त्यांना.

वहिनी गेल्या तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. त्यांच्या पश्चात पती, मुलगा, सून, नात असा परिवार आहे. नानांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, बरोबर आहे, कुणी राहिलं नाही. मला वाटलं, हा माणूस रडत का नाही. मग कळलं, ते तपासत होते.

मुलगा विलास, तो जपानात. इंजिनिअर झाला, कंपनीनं तिकडं नेलं, तिथंच लग्न केलं. सून जपानी, यूको नाव, फार गरीब स्वभावाची. फोनवर दिसली की कमरेतून वाकून नमस्कार करते. मग नानाही वाकतात. मग ती पुन्हा वाकते. बराच वेळ दोन्हीकडे नुसते डोक्याचे केस दिसतात. आणि नात हाना. नळातला न. हे मुद्दाम सांगते, कारण तिच्या जन्माचे पेढे वाटले तेव्हा निम्म्या गल्लीनं विचारलं होतं, कोणाला हाणा?

वहिनींच्या दहाव्याला सगळे आले होते. हाना तेव्हा अगदी लहान. इथं राहून पाणी म्हणायला शिकली, माऊ म्हणायला शिकली, नानांच्या मांडीवर बसून बट्टी खाल्ली. गेली तिकडं, शाळेत घातली, आणि पाणीही गेलं आणि माऊही गेली. दर रविवारी फोन यायचा. नाना आपल्या पद्धतीनं विचारायचे: उठलीस का, दात घासलेस का, दूध प्यालीस का, शाळेत गेली होतीस का, बाईंनी काय शिकवलं. पोर बापाच्या तोंडाकडे बघायची. एका रविवारी ती खुर्चीवरून हळूच घसरली आणि निघून गेली. नाना बोलतच राहिले. मी तिथंच होते, वाटी परत द्यायला गेले होते. फोनमध्ये नुसती खुर्ची दिसत होती आणि नाना तिला विचारत होते, थंडी पडली का तिकडं, स्वेटर घालतेस का.

संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, “अक्का, पोर माझ्याशी बोलत नाही असं नाही. मी तिला कळत नाही. मराठी शिकवायला मी तिथं नाही. मग मीच जपानी शिकतो.”

मी म्हटलं, नाना, आपलं वय काय, ती भाषा काय. तर म्हणाले, मी भुसावळकडचा माणूस, इकडं येऊन अहिराणी शिकलो. तुमच्या शिंदखेड्याच्या लोकांची भांडणं अहिराणीत सोडवली. जपानी त्याहून अवघड असेल का?

मोबाइलवर एक बाई हिंदीतून जपानी शिकवते, तिला गुरू केलं. सकाळी अंघोळ झाली की फोन देव्हाऱ्याशेजारी उभा करायचा आणि मोठ्यानं म्हणायचं. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलाही चार शब्द यायला लागले. दारे म्हणजे कोण. उची म्हणजे घर. हितोरी म्हणजे एकटा. माणसं मोजायला शिकवताना ती बाई सुरुवातच हितोरीपासून करते. आमची सून म्हणायची, नानांचं डोकं फिरलं. मी म्हटलं, फिरू दे, रिकामं डोकं फिरलेलं बरं.

महिन्या-दोन महिन्यांत त्यांनी भाज्यांची नावं पाठ केली, फळांची केली, प्राण्यांची केली. रविवारी हानाला म्हणून दाखवली. सगळी. गाडी फलाटावर लागल्यासारखी. पोर सुरुवातीला हसली, टाळ्या वाजवल्या, मग जांभई दिली, मग खुर्ची पुन्हा रिकामी.

आणि अशात त्या मोबाइलवरच्या बाईनं तो धडा काढला.

मला भिंतीपलीकडून आधी नुसतं कळलं की काहीतरी बिघडलंय. फोन बंद केल्याचा आवाज, मग खुर्ची सरकवल्याचा. मग नाना आमच्या दारात. चष्मा कपाळावर. म्हणाले, “अक्का, जपानसारखा शहाणा देश. गाड्या मिनिटाला चुकत नाहीत त्यांच्या. आणि त्यांच्याकडेही वगैरे आहे.”

मी बसायला पाट दिला, पाणी दिलं. मग त्यांनी समजावलं. दोन वस्तूंच्या मधे ‘या’ म्हणायचं आणि शेवटी ‘तो इत्ता’ म्हणायचं. सफरचंद या केळी तो इत्ता फळं. म्हणजे सफरचंद, केळी अशी फळं. नावं दोनच घ्यायची, त्या जातीतली बाकीची समोरच्यानं समजून घ्यायची. पेपरात नाही का येत, म्हणाले, पती, मुलगा, सून, नात असा परिवार; तसला तो ‘असा’. मी हात जोडले. म्हटलं, चांगला दाखला द्या हो. तर म्हणाले, पेपरातला असा बरा, त्यात सगळे येतात. या जपानी असामध्ये पेरू कुठं गेला? पपई कुठं गेली? ती काय संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहणार?

विलासनं फोनवर समजूत घातली. म्हणाला, नाना, सगळं सांगून टाकलं की समोरच्याला बोलायला काय उरतं? दोन नावं सांगायची आणि थांबायचं. मग पोर विचारील, आणखी काय? नानांना पटलं नाही, पण खुर्ची डोळ्यांसमोर होती. शिकले.

मग गल्लीत मजा सुरू झाली. भाजीवालीला म्हणाले, टमाटे या वांगी तो इत्ता भाजी द्या. ती म्हणाली, इत्ता म्हणजे कित्ता, नाना? आणि दोन्ही हात पसरून दाखवायला लागली, इत्ता? की इत्ता? नाना सरावासाठी ओट्यावर बसून मोठ्यानं म्हणायचे, आंबा या, केळी या, पेरू या. रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा, मला बोलावलं का म्हणून. एक विमा एजंट तर आत येऊन बसलाच, चहा पिऊन गेला. नाना त्याला जा म्हणाले नाहीत. मी हसले खूप. पण दुपारी घर शांत झालं, नातवंडं शाळेत गेली, की भिंतीपलीकडून तो आवाज यायचा. एकट्या माणसाच्या घरातून दिवसभर, या, या, या. हातातलं काम थांबायचं माझं.

पुढच्या रविवारी मला त्यांनी मुद्दाम बोलावलं, साक्षीला. हानासमोर बसले, म्हणाले, सफरचंद या केळी तो इत्ता फळं मला आवडतात. आणि थांबले. थांबताना त्यांनी खुर्चीचे दांडे इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली. पेरू अगदी ओठांपर्यंत आलेला मला दिसत होता. पोर फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आतो?”

आतो म्हणजे आणखी. नानांनी माझ्याकडे बघितलं. लॉटरी लागलेला माणूस बायकोकडे बघतो तसं. मग पेरू आला, पपई आली, बोरं आली, बोरं म्हणजे काय ते हातवारे करून आलं, पोरीनं तिच्या घरातलं कुठलंसं फळ आणून दाखवलं. फोन तापून बंद पडेपर्यंत दोघं बोलत होती.

असे चारदोन रविवार गेले. नानांनी दाढी रोज करायला सुरुवात केली. आणि मग एका रविवारी फोन झाल्यावर भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बाई नाही, आंबा या नाही, काही नाही. मी कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन गेले. नाना बसले होते, दाढी वाढलेली. बरं नाही का? बरं आहे. मग काय झालं? काही नाही. मी म्हटलं, काही नाही म्हणजे काय काय नाही, ते एकेक सांगा. तेव्हा जरा हसले आणि बोलले.

हानाला शाळेत ‘माझं घर’ म्हणून चार वाक्यं पाठ करून बोलायची होती. तिनं रविवारी आजोबांना म्हणून दाखवली. माझ्या घरात पापा तो मामा तो वाताशी. बाबा, आई आणि मी. नानांनी टाळ्या वाजवल्या. जोझू, जोझू म्हणाले, म्हणजे छान, छान.

मला काही कळेना. मग यात वाईट वाटण्यासारखं काय? तेव्हा त्यांनी मला तो बारीक फरक सांगितला. जपानीत ‘आणि’ दोन आहेत. एक ‘या’. या म्हटलं की नावं घेतली त्यांच्यामागं आणखीही कुणी उभं आहे. आणि एक नुसता ‘तो’, इत्तावाला नव्हे. तो म्हटलं की जेवढे सांगितले तेवढेच. दार लागलं, घंटी वाजली, गाडी सुटली.

“पोरगी ‘या’ म्हणाली असती,” नाना म्हणाले, “तर नाव न घेता मी त्यात होतो.”

मी म्हटलं, अहो, पहिलीतली पोर ती. तिला काय व्याकरण कळतंय?

“व्याकरण मोठ्यांचं चुकतं, अक्का. लहानांचं बरोबर असतं. तिच्या घरात तिघंच आहेत. तिनं खोटं काय सांगितलं?” मग भाकरीवरचा रुमाल नीट करत बसले. मग म्हणाले, “जन्मभर वगैरेला नावं ठेवली मी. आता वाटतं, त्या वगैरेत जागा मिळाली असती. सीट नको होती. उभ्यानं गेलो असतो.”

मी ठेचा त्यांच्यापुढं सरकवला आणि उठले.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन वाजला. वाजलेला मला ऐकू आला, उचललेला ऐकू आला नाही. बंद झाला, पुन्हा वाजला. मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, ताटासकट उठले आणि शेजारी गेले. नाना फोनसमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. म्हणाले, काय बोलू? मी म्हटलं, पोर वाट पाहते आहे, आधी उचला. नाहीतर मी उचलते आणि अहिराणीत बोलते. तेव्हा उचलला.

हाना पेन्सिल आणि कागद घेऊनच बसली होती. विलास दिसत नव्हता, मागं टेबलावर त्याचा लॅपटॉप तेवढा उघडा होता. शाळेनं पुढचा अभ्यास दिला होता: आजी-आजोबांना त्यांच्या घराबद्दल विचारा. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळले ते माझ्या ओळखीचे दोनच शब्द, उची आणि दारे. तुमच्या घरात कोण कोण आहे?

मी दाराशी बसले होते. उत्तर एका शब्दाचं होतं आणि तो शब्द त्यांना येत होता. भिंतीपलीकडून मीसुद्धा तो पाठ केला होता: हितोरी.

“अक्का या,” नाना म्हणाले.

मला वाटलं, हाक मारली. ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले, जाऊन फोनसमोर वाकले. पोर मला बघून “आ!” म्हणाली आणि आईसारखी कमरेतून वाकली. मीही वाकले. मग बघते तर नाना माझ्याकडे बघतच नव्हते. वर आढ्याकडे बघत पुढचं नाव शोधत होते. मला बोलावलंच नव्हतं. मला मोजलं होतं.

पोरीनं कागदावर लिहून घेतलं. “आतो?” ती म्हणाली. “आतो, दारे?”

नानांचे ओठ हलले. नजर भिंतीवरच्या वहिनींच्या फोटोकडे गेली आणि परत आली. गेलेल्या माणसाला हजेरीत धरणं त्यांना मंजूर नव्हतं. पेन्सिल कागदावर टेकवून पोर थांबलेली. माझ्या मनात आलं, माझ्या चारही नातवंडांची नावं घ्या म्हणावं, लिहू देत. पण ते मी सांगायचं नव्हतं.

मग पोरीनं आपलं बोट उचललं आणि नाकाच्या शेंड्यावर ठेवलं. मला वाटलं, नाक खाजतंय. तिकडं मी म्हणताना नाकाला बोट लावतात, हे मला काय माहीत.

“वाताशी?” तिनं विचारलं.

नाना म्हणाले, “हाय.”

जपानीत हाय म्हणजे हो. पण नानांच्या भुसावळकडच्या बोलण्यात ‘आहे’लाही हाय म्हणतात. ते कोणत्या भाषेत बोलले, मी विचारलं नाही. पोर खाली वाकून लिहायला लागली, जीभ दाताखाली धरून, मोठी मोठी अक्षरं काढत. तिचं लिहून होईपर्यंत नाना हलले नाहीत.

फोन बंद झाल्यावर घर एकदम केवढं तरी मोठं वाटलं. पलीकडून माझ्या सुनेची हाक आली, आई, कुकर लावू का, सगळे जेवायला बसायचं म्हणताहेत. मी म्हटलं, येते गं, आणि ताट ओढून घेऊन तिथंच बसले. नानांनी चष्मा पुसला, समोर येऊन मांडी घातली आणि माझ्या ताटातल्या मूठभर शेंगा आपल्याकडे घेतल्या.